जोडविटांची गुराब: आधी प्रमाण, मग जहाज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात आणि आपले दैनिक त्यांची छायाचित्रे आवर्जून छापते. अलीकडे या किल्ल्यांच्या शेजारी आणि शाळांच्या प्रदर्शनांत प्लॅस्टिकच्या जोडविटांची (लेगोसारख्या, एकमेकींत अडकणाऱ्या विटांची) जहाजे, चर्च, बंगले दिसू लागले आहेत. त्यांतले बहुतेक नमुने पेटीतली पुस्तिका समोर ठेवून जोडलेले असतात. त्यात वाईट काहीच नाही, हात बसायला तो चांगला सराव आहे. परंतु स्पर्धेत असा नमुना आणि स्वतः आराखडा काढून केलेला नमुना एकाच रांगेत ठेवला जातो. मग ज्याच्या घरी मोठी पेटी येते तोच बक्षीस नेतो. स्वतःचा आराखडा करणे मुलांना जमण्यासारखे आहे. तो कसा करायचा हे पालकांपर्यंत आणि परीक्षकांपर्यंत पोहोचावे, यासाठी हे पत्र.

पहिला नमुना म्हणून आम्ही मराठा आरमाराची गुराब हे लढाऊ जहाज सुचवतो. साताऱ्यात १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांशी समेट करून त्यांचे सरखेलपद (आरमारप्रमुखाचे पद) कायम केले. या आरमाराचे धनीपण साताऱ्याच्या गादीकडे होते. तरीही आपल्या दिवाळीत अजिंक्यतारा आणि प्रतापगड घरोघरी असतात आणि जहाज एकही नसते. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत गुराबेची ठेवण तपशिलाने आली आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची आणि तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने अंग रुंद, टोकांकडे निमुळते होत जाणारे आणि तळ उथळ. नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या उंच टोकाच्या) जागी पुढे झेपावलेली चोच. त्या चोचीचा मजला मुख्य मजल्याच्या पातळीतच असे आणि त्याला कठडे नसत. समोरून लाट आली की पाणी वरून सरळ वाहून जावे, हा त्यामागचा विचार. चोचीच्या मागे आडवी भिंत, त्या भिंतीत दोन झरोके आणि त्यांतून पुढे रोखलेल्या ९ किंवा १२ पौंडी (तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या) दोन तोफा. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी. प्रदर्शनातल्या 'मराठा जहाजा'ला युरोपीय जहाजाची उंच गोल नाळ आणि तिच्यावर कठडे दिसले, तर ती गुराब नाही हे परीक्षकांनी तिथेच ओळखावे.

आता मापे. लेगोच्या विटेवरचे दोन स्टड (वरचे गोल उंचवटे) मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिलिमीटरवर असतात. विटेची उंची ९.६ मिमी आणि प्लेटची, म्हणजे पातळ विटेची, ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेटची एक वीट. १९५८ च्या पेटंटपासून ही मापे बदललेली नाहीत, त्यामुळे जुन्या विटाही चालतात. यातून दोन समीकरणे निघतात आणि ती पाठच हवीत: ५ प्लेटची जाडी म्हणजे २ स्टडची रुंदी (१६ मिमी), आणि ५ विटांची उंची म्हणजे ६ स्टडची रुंदी (४८ मिमी). विटा आडव्या फिरवून बसवायच्या ठिकाणी मुख्यतः याच दोन हिशोबांनी जुळते.

प्रमाण लेगोच्या माणसाच्या बाहुलीवरून ठरते. बाहुली सुमारे ४० मिमी उंच आहे, म्हणून १:४० ते १:४८ या दरम्यानचे प्रमाण डोळ्यांना पटते. आम्ही १:४८ घेतो, कारण त्यात प्लेटची ३.२ मिमी जाडी सुमारे १५ सेंटीमीटर होते, जवळजवळ खऱ्या फळीच्या रुंदीइतकी. त्यामुळे जहाजाची बाजू विटांऐवजी प्लेटच्या थरांनी रचली की फळ्या आपोआप दिसतात. मात्र भाग तिप्पट लागतात आणि वजनही वाढते. म्हणून प्लेटचे थर दर्शनी पट्ट्यातच द्यावेत, आतून साध्या विटा.

या प्रमाणात मोठे जहाज केवढे होते ते आधी पाहावे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागवानात बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी ४० फूट. १:४८ ला हे ११९ स्टड लांब आणि ३२ स्टड रुंद होते, जवळजवळ एक मीटर, आणि त्यात नाळेपुढची काठी धरलेली नाही. एका बाजूला त्या मजल्यावर १४ झरोके. दर ८ स्टडला एक, त्यात २ स्टडचा झरोका आणि ६ स्टडची भिंत असे धरले की ११२ स्टड होतात आणि दोन्ही टोकांना थोडी जागा उरते. एवढे काम पहिल्या फेरीत घेऊ नये. गुराबेसाठी आम्ही ५६ स्टड लांब आणि १८ स्टड रुंद असा आराखडा धरतो. खऱ्या मापात ती साडेएकवीस मीटर आणि सात मीटरला थोडी कमी भरते, आणि 'ट्रिंकोमाली'पेक्षा अंगाने रुंद दिसते, जशी ती दिसायलाच हवी. भाग अंदाजे दीड ते दोन हजार.

आराखडा शाळेच्या आलेख-कागदावर निम्म्या मापात काढावा. स्टडला ४ मिमी आणि विटेला ४.८ मिमी धरले की ५६ स्टडचे जहाज २२४ मिमीत येते आणि ए-४ कागदावर मावते. वरून, बाजूने आणि मग दर ८ स्टडला एक आडवा छेद. छेदाचा अर्धाच भाग काढला तरी पुरते, दुसरा त्याचे प्रतिबिंब असतो. हे छेद म्हणजेच पुढे आतल्या बरगड्या. संगणक असेल तर ब्रिकलिंकचा स्टुडिओ हा मोफत प्रोग्राम चांगला आहे, भागांची यादीही तो काढून देतो. पण पडद्यावर वजन नसते. तिथे अधांतरी टिकलेली भिंत टेबलावर टिकत नाही, आणि पडद्यावर निवडलेल्या रंगात तो भाग कधी तयारच झालेला नसतो, असेही घडते. यादी पक्की करण्यापूर्वी प्रत्येक भागाचा रंग तपासून घ्यावा.

पाण्याखालचा भाग पहिल्या नमुन्यात गाळावा. पाण्याच्या रेषेपासून वरचे जहाज सपाट बसते, भाग वाचतात आणि सर्वांत अवघड वळणे टळतात. मधोमध लेगोच्या टेक्निक मालिकेतल्या भोके असलेल्या १६ स्टडच्या विटांचा दुपदरी कणा ठेवावा. वरच्या थराचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर यायला हवा. दोन्ही थरांचे सांधे एका रेषेत आले की जहाज उचलताना बरोबर तिथेच मोडते. मोठे जहाज असेल तर ३२ स्टडचे तुकडे वेगळे करून पिनांनी जोडावेत, म्हणजे एसटीने नेता येते. पोट पोकळ राहू द्यावे. पोट भरल्याने मजबुती येत नाही, फक्त भार वाढतो.

फळीचा मजला हा या कामाचा सर्वांत देखणा भाग आहे आणि बहुतेक जण तिथे घाई करतात. एका स्टडच्या टाइल (वर स्टड नसलेल्या गुळगुळीत प्लेट) सरळ बसवल्या तर प्रत्येक फळी खऱ्या मापात ३८ सेंटीमीटर रुंद होते, मग मजला घरातल्या फरशीसारखा दिसतो. त्याऐवजी प्लेट कडेवर उभ्या करून लांबीच्या दिशेने लावाव्यात. १८ स्टडमधून दोन्ही कठड्यांचा एकेक स्टड वजा केला की १६ उरतात आणि त्यात बरोबर ४० थर बसतात. त्यांतले ३९ प्लेटचे आणि शेवटचा टाइलचा. शेवटचीही प्लेटच घेतली तर तिचे स्टड कठड्यात घुसतात आणि भिंत बाहेर ढकलली जाते. मजला फुगला, असे म्हणून मुले सगळे उपसतात, पण दोष त्या एकाच थराचा असतो. हा मजला ब्रॅकेटच्या (काटकोनी, बाजूला स्टड असलेल्या भागांच्या) आधाराने बसतो, दर ८ स्टडला एक ओळ पुरेशी होते.

चोचीसाठी डाव्या-उजव्या जोडीच्या तिरक्या प्लेट लागतात. मागवताना दोन्ही बाजू मोजून सारख्याच घ्याव्यात, दुकानात त्या बहुधा एकत्र मिसळलेल्या असतात. चोच १२ स्टड रुंदीपासून २ पर्यंत आणायची. टोक एकाच स्टडचे हवे असेल तर मध्यरेषा अर्ध्या स्टडने सरकते. तिथे मध्यभागी एकच स्टड असलेली जंपर प्लेट घालावी. जहाजाची रुंदी सम की विषम, हे डोलकाठी ठरवते. डोलकाठी २×२ गोल विटांची असल्याने आमची रुंदी सम आहे.

युरोपीय युद्धनौका करताना आणखी एक अडचण येते. त्यांच्या बाजू वर जाताना आत झुकतात. १० विटा उंच भिंत वर १ स्टड आत न्यायची तर कोन जेमतेम ५ अंशांचा पडतो. टकटक आवाज करणारे हिंज (बिजागरीचे भाग) २२.५ अंशांच्या टप्प्यांनीच थांबतात, त्यामुळे ते इथे निरुपयोगी. घर्षणावर फिरणारे साधे हिंज किंवा क्लिप आणि दांडी वापरावी, आणि वरची कड मजल्याच्या टोकाला नुसती टेकू द्यावी.

डोलकाठीचा खालचा भाग २×२ गोल विटांचा आणि आरपार टेक्निकची अक्षकाठी. वरचा भाग १×१ गोल विटांचा. त्याच्या आत काही नसले तर दोरी ओढताच तो वाकतो, म्हणून ३.२ मिमीची दांडी घालावी. दोऱ्या खालून वर बांधत जाव्यात आणि पुढची-मागची दोरी एकाच वेळी ताणावी. आधी पुढची आवळली की डोलकाठी पुढे कलते आणि मग मागची कितीही ओढली तरी ती सरळ होत नाही, सांधा निखळतो. दोरा पॉलिस्टरचा घ्यावा. सुती दोरा आपल्या पावसाळी हवेत आखडतो आणि परबाणे (शिडांच्या आडव्या काठ्या) वाकडी करतो, महाबळेश्वर-पाचगणीत तर नक्कीच. शिडे पातळ सुती कापडाची, तांदळाच्या खळीत बुडवून फुगीर भांड्यावर वाळवलेली. कापण्याआधी कडेला पातळ केलेला पांढरा गोंद लावला की धागे सुटत नाहीत.

इमारतींबद्दल थोडक्यात, कारण तिथे चूक एकाच जागी होते: प्रमाण बाहुलीवरून घेतले जाते. १:४८ ला ३० मीटरचा दर्शनी भाग ७८ स्टडचा होतो आणि विटा निम्म्यातच संपतात. इमारतीत प्रमाण खिडकीवरून ठरवावे. १.२ मीटर रुंद खिडकी १:१०० ला दीड स्टड येते, म्हणजे बसतच नाही. १:७५ ला ती नेमकी २ स्टडची होते. एक खिडकी आणि शेजारची भिंत हा गाळा आधी पक्का करावा, मग तो मोजून पुढे लावत जावा. माप घेता येत नसेल तर लांबून, अगदी समोरून फोटो काढावा आणि दाराची उंची २.१ मीटर धरून बाकीचे काढावे. जवळून वर कॅमेरा रोखून काढलेल्या फोटोत वरचे मजले लहान भरतात.

महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांना जांभ्याचा रंग हवा, म्हणजे गडद लाल आणि तपकिरी मिसळून, एकसारखा लाल नव्हे. छपरासाठी '४५ अंशां'च्या उतरत्या विटा घेऊ नयेत. त्या थर लावून रचल्या की दर स्टडला ९.६ मिमी चढतात आणि उतार ५० अंशांचा होतो. '३३ अंशां'च्या विटा ३१ अंश देतात, तो मंगलोरी कौलांच्या छपराला शोभतो. व्हरांड्याचे छप्पर त्याहून सपाट, हिंजवर बसवलेले. सांगलीकरांनी १९२९ चा आयर्विन पूल करावा, कमानींचा सराव त्याच्याइतका दुसऱ्या कशाने होणार नाही. बाजारातल्या कमानी ठरावीक रुंदीच्याच मिळतात, म्हणून आधी कमान निवडावी आणि खांबाची जाडी तिच्या गुणोत्तराने काढावी. त्यावर पाणीपातळीच्या खुणाही कराव्यात: ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते, तीही रेघ असावी.

सामानाबाबत दोन सूचना. वेगवेगळ्या कंपन्यांच्या विटा एकाच लांब भिंतीत मिसळू नयेत. दर स्टडला ०.०५ मिमीचा फरक असला तरी ६० स्टडला ३ मिमी होतो आणि भिंत कमानीसारखी वाकते. आणि तपकिरी व गडद लाल रंगाचे काही जुने भाग ठिसूळ निघतात, विशेषतः क्लिप. जहाजाला नेमका हाच रंग लागत असल्याने आतल्या, न दिसणाऱ्या क्लिप काळ्या घ्याव्यात. पांढरे आणि राखाडी भाग उन्हात पिवळे पडतात, तेव्हा नमुना पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नये.

स्पर्धा भरवणाऱ्या शाळांना आणि मंडळांना आमची विनंती अशी: स्वतःच्या आराखड्यासाठी वेगळा गट करावा. प्रवेशअर्जासोबत आलेख-कागदावरचा एक छेद मागावा, त्यावर प्रमाण लिहिलेले असावे, आणि परीक्षकांनी मोजपट्टी घेऊन एक तरी माप नमुन्यावर पडताळावे. छोट्या नमुन्याला आकारामुळे कमी गुण देऊ नयेत. ७० टनांपर्यंतचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे आणि मुख्य डोलकाठीवर एकच मोठे तिकोनी शीड असलेले गलबत ३० स्टडमध्ये नीट होऊ शकते, आणि तेवढ्या विटा बहुतेक घरांत निघतात. आपल्या दैनिकाने किल्ल्यांच्या पानावर अशा नमुन्याचे छायाचित्र छापले, तर खाली जहाजाचा प्रकार आणि प्रमाणही द्यावे.

आपले,
सातारा येथील जोडविटांचे काही प्रतिकृतीकार