वायंडिंगवाल्याचं घर विचारत आलेल्या साहेबांना

आदरणीय साहेब,
सादर नमस्कार.

गेल्या सोमवारी आमच्या धाकट्या भावाचं दोन वर्षांचं बंधपत्र संपलं, तुरुंगाऐवजी तुमच्या देखरेखीखाली नीट वागण्याची कोर्टाला दिलेली हमी. तुमच्या टेबलासमोर उभं राहून चार शब्द बोलायचे म्हणून मी घरून पाठ करून आले होते. तुम्ही फाईल बंद केलीत, "झालं, या आता" म्हणालात, आणि माझा गळा दाटून आला. नमस्कारसुद्धा धड झाला नाही. म्हणून हे पत्र. चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमची बदनामीही चारचौघांत झाली होती. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. ते तुम्हाला आवडायचं नाही.

कृष्णाकाठच्या पाण्याच्या मोटारींची केबल कापून तांबं विकणारी तीन पोरं सापडली होती, त्यातला एक आमचा. वय वीस. त्यानं केलं ते वाईटच केलं. ऐन उन्हाळ्यात ज्यांच्या उसाचं पाणी तुटलं त्या काकांचा संताप मी पाहिलाय, आणि तो खरा होता. मी भावाची बाजू कधी घेतली नाही. मला एवढंच कळत नव्हतं की आता याचं पुढं काय करायचं. ते सांगणारं कुणी भेटत नव्हतं.

अकरा दिवस तो सांगलीच्या जेलमध्ये होता. जेल आहे त्या गणेशदुर्ग किल्ल्याच्या भिंतीला लागून मी भेटीच्या रांगेत उभी राहायची. 24 जुलै 1943 ला वसंतदादांनी आणि त्यांच्या साथीदारांनी याच तटावरून उड्या टाकल्या, दादांना खांद्यात गोळी लागली, हे आम्हाला शाळेपासून पाठ. त्या भिंतीकडं आम्ही मान वर करून बघायचो. त्या अकरा दिवसांत मला मान वर करता आली नाही.

पहिले वकील म्हणाले, "काहीही कबूल करायचं नाही. तारखा पडत राहतील, साक्षीदार कंटाळतील." पैसे घेतले, आणि चूक करणाऱ्याला तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडण्याचा कायदा 1958 साली झालाय याचा एका शब्दानं उल्लेख केला नाही. ज्या दुकानात तो मोटारी भरायला, म्हणजे वायंडिंग करायला शिकला तिथल्या मालकांनी त्याची पाच आठवड्यांची मजुरी ठेवून घेतली. कुणीतरी त्याचा हातकड्यांतला फोटो गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हसण्याची चित्रं आली. आई तेव्हापासून दळणाला दुसऱ्या गल्लीतल्या गिरणीत जायची.

विधी सेवा प्राधिकरणाकडून ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी पहिल्यांदा नीट समजावलं. एकवीसच्या आतल्या पोराला तुरुंगात धाडण्याआधी कोर्टानं परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. परिविक्षा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुधारायची संधी, हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. चूक कबूल, नुकसानभरपाई कबूल, आणि मग परिविक्षा अधिकारी म्हणून तुमच्या देखरेखीखाली दोन वर्षं. कोर्टातलं बाकीचं मला आठवत नाही आणि ते लिहायचंही नाही. मला त्या पंख्याबद्दल लिहायचंय.

बंधपत्र झालं तरी चार महिने त्याच्याकडं कुणी काम दिलं नव्हतं. आयटीआयचं वायरमनचं एक वर्ष झालेलं, हातात कला, पण केबलचोराच्या हातात आपली मोटार कोण देणार? पडवीत टेबल टाकून तो दिवसभर बसायचा. सोल्डरिंग आयर्न तापवायचं आणि परत बंद करायचा. जेवायला हाक मारली तर यायचा नाही.

त्या गुरुवारी तुम्ही गाडीवर मागं सुतळीनं टेबल फॅन बांधून आलात. पाराजवळ गाडी थांबवलीत. पारावर नेहमीची पाच-सहा मंडळी होती, माझे चुलतेही होते. आणि तुम्ही मोठ्यानं विचारलंत, "वायंडिंगवाल्याचं घर कुठलं हो?"

साहेब, तुम्हाला आमचं घर ठाऊक होतं. चौकशीला तुम्ही दोनदा येऊन गेला होता, आईच्या हातचा चहा पिऊन गेला होता. तरी तुम्ही विचारलंत. चुलते सांगतात, क्षणभर कुणाला काही सुचेना. मग त्यांनीच उठून हात केला, "ते काय, निळ्या दाराचं."

त्या दिवसापर्यंत त्याला गावात एकच नाव होतं. तुम्ही दुसरं दिलंत, आणि पाराच्या तोंडून वदवून घेतलंत.

पंख्याचं कॉइल जळालं होतं, दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजला होता. तीन दिवस तो त्यावर बसला. तार गुंडाळताना फेरे तोंडानं मोजायचा, मधे कुणी बोललं तर हात वर करायचा. तुम्ही न्यायला आलात तेव्हा त्यानं पंख्याबरोबर वर्तमानपत्राची एक पुडीही तुमच्यासमोर ठेवली. आत कॉइलमधून निघालेली जुनी जळकी तार होती, काळी पडलेली, मूठभर. म्हणाला, "सगळी आहे साहेब. मोजून घ्या." मी दारात उभी होते, माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही पुडी उघडलीत, तार बोटानं चाळलीत, परत गुंडाळून त्याच्याकडं सरकवलीत. "जुनी तार दुरुस्ती करणाऱ्याची असते. धंद्याची रीत मोडू नकोस. पावती कर." पावतीपुस्तक कुठलं? वहीचं पान फाडून त्यानं तीनशे ऐंशी रुपये लिहिले, खाली सही केली. तुम्ही ते घडी घालून खिशात ठेवलंत.

त्या रात्री तो जेवला, आणि नंतर ताट घासताना रडला.

पुढच्या आठवड्यात चुलत्यांनी मिक्सर आणला. मग शेजारच्यांचा पंखा. पावसाळ्यानंतर एका शेतकऱ्यानं पाच एचपीची मोटारच बैलगाडीत घालून आणली. गावात पुन्हा केबल गेली त्या रात्री हवालदार सरळ आमच्या दारात आले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्याशी काय बोललात मला माहीत नाही, पण तेच हवालदार आता ग्रामसुरक्षा दलाच्या गस्तीला त्याला नावानं बोलावतात. कुपवाडच्या एका कारखान्यात "शिक्षा झालेला माणूस नको" म्हणाले, तेव्हा तुम्ही त्या 1958 च्या कायद्याचं कलम 12 उघडून दाखवलंत: बंधपत्रावर सोडलेल्याला दोषी ठरल्यामुळं कायद्यानं येणारी अपात्रता लागत नाही. ते पान मी झेरॉक्स करून ठेवलंय.

आपल्या भागाला हे नवीन नाही, हे मला तुमच्यामुळं कळलं. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरबद्दल तुम्हीच सांगितलंत. 1939 साली औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी खुनाच्या कैद्यांना भिंतीशिवाय, बायकापोरांसह शेतीवर ठेवायचं धाडस केलं. संस्थान होतं छोटं, दुष्काळी मुलखातलं, पण माणसावर विश्वास टाकायची हिंमत होती. आज कायदा आहे, कलमं आहेत, पण तुमच्या टेबलावर दर वेळी नव्या फायलींचा ढीग वाढलेला असायचा. तालुक्या-तालुक्याला एक असा अधिकारी द्या, एवढी मागणी मी जिथं जमेल तिथं करणार आहे. मी काम करते त्या पतसंस्थेत कर्ज मागायला येणाऱ्यांत अशी घरं असतात, आता ती माझ्या नजरेला लगेच ओळखू येतात. त्यांच्या दारात पंखा घेऊन कुणी येत नाही.

काकांची भरपाई शेवटच्या हप्त्यासह फिटली. त्यांनी हप्ता घेतला आणि म्हणाले, "बोअरची मोटार आवाज करतीय, बघायला पाठव." आई पुन्हा आपल्याच गल्लीतल्या गिरणीत जाते.

आणि साहेब, धाकट्यानं निरोप दिलाय. त्या पंख्यात तेव्हा हलका बुश घातला होता, चांगला पितळी परवडत नव्हता. आता कुरकुर सुरू झाली असेल. पाठवून द्या, बदलून देतो म्हणतोय. पैसे घेणार नाही असंही म्हणत होता, पण मी त्याला सांगितलंय की तुम्ही पावतीशिवाय पंखा नेणार नाही. आता त्याच्याकडं छापील पावतीपुस्तक आहे.

तुमची,
धाकट्याची ताई