ताई, थँक्यू, आणि आता "गप गं" म्हणू नकोस

ताई,

समोर थँक्यू म्हटलं की तू विषय बदलतेस, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, आता बोल काय बोलायचंय ते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, माझं काम निकेल अ‍ॅल्युमिनाइडच्या सिंगल क्रिस्टलवर (अणूंची मांडणी सलग एकसारखी असलेला तुकडा), तीन निकेल अणूंना एक अ‍ॅल्युमिनियम. जेट इंजिनाच्या ब्लेडमधल्या सुपरअ‍ॅलॉयची (उष्णतेत टिकणारे मिश्रधातू) बरीचशी ताकद याच फेजची, म्हणजे त्यातल्या याच घटकाची. नेहमीचे धातू तापवले की मऊ पडतात, हे बेणं उलटं, साधारण ७००-८०० डिग्रीपर्यंत यील्ड स्ट्रेस (कायमचा आकार बदलायला लागणारा ताण) चढतच जातो. का? तर पेपरात एक ओळ, कीअर-विल्सडॉर्फ लॉक, १९६२, संपला विषय. मी ती ओळ पाठ केली होती, कळली काडीची नव्हती.

तू कॅन्टीनच्या बिलामागे आकृती काढलीस. यात डिसलोकेशन (अणूंच्या मांडणीतले रेषेसारखे दोष, हे सरकले की धातूचा आकार बदलतो) जोडीने सरकतात, पुढचं अणूंची ठरलेली मांडणी बिघडवतं, मागचं ती परत लावतं, तीन पायांची शर्यतच म्हण ना. तापमान वाढलं की पुढच्याचा स्क्रू भाग (दोष-रेषेचा जो भाग प्लेन बदलू शकतो तो) १११ प्लेन, म्हणजे सरकायची नेहमीची अणूंची पातळी, सोडून क्यूब प्लेन नावाच्या दुसऱ्या पातळीवर चढतो, तिथे बिघडलेल्या मांडणीची एनर्जी कमी पण सरकणं जड, मागचं बसलंय अजून १११ वरच, झाली जोडी जाम. जितकी उष्णता तितके लॉक. आणि मग म्हणालीस की आता वर्क हार्डनिंग (दाबत जावं तसं आणखी कडक होणं) एवढं का ते तूच सांग, आणि मला चक्क सांगता आलं, की सरकणारी जाम होत राहतात म्हणून नवीन आणायला स्ट्रेस सारखा वाढवावा लागतो. वर हेही बजावलंस की हार्डनिंगचं शिखर यील्डच्या शिखराच्या बरंच आधी, म्हणजे कमी तापमानाला येतं, दोन्ही एकाच तापमानाला शोधत बसू नकोस. नसतं सांगितलंस तर मी फर्नेसलाच दोष देत बसले असते.

सॅम्पलचं तर काय सांगू. लावे फोटोवरून (क्रिस्टलची दिशा दाखवणारा एक्स-रे फोटो) दिशा धरून वायरकटवर, म्हणजे तारेने कापणाऱ्या मशीनवर कापलेला तुकडा, दोन्ही टोकं समांतर आहेत का ते तू मायक्रोमीटरने चारी कोपऱ्यांवर मोजायला लावायचीस, मला तेव्हा जाम कंटाळा यायचा. पण यील्डच्या शिखराच्या पुढच्या तापमानाला दाबलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि स्लिप लाइन्सचा (सरकण्यामुळे पृष्ठभागावर उमटणाऱ्या रेषा) कोन बदललेला दिसला, दोन बाजूंवर मोजून बघितलं तर क्यूब प्लेनच! तुला लगेच फोटो पाठवला, तू फक्त "स्केल बार कुठंय" एवढंच लिहिलंस.

स्केल बार टाकलाय. नवीन कर्व्ह पण मेल केलेत, सवडीने बघ.