आप्पांच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम,
सादर नमस्कार.

कर्करोग निघाल्यावर आप्पांनी तो प्रश्न तुमच्या आधीही इतर डॉक्टरांना विचारला होता. "मी तालमीतला गडी, उभ्या जन्मात तापानं आडवा पडलो न्हाई. मग माझ्या अंगाला ह्यो चोर दिसला कसा न्हाई?" एका दवाखान्यात मान वर न करता उत्तर मिळालं, "तंबाखू खाताना विचार करायचा होता." निपाणीच्या वखारीत आयुष्य गेलेल्या माणसाला तंबाखू काय करते हे ठाऊक नव्हतं का? दुसरीकडे "इम्युनिटी डाऊन आहे" म्हणत महागड्या पावडरीचे डबे आमच्या गळ्यात मारले. तेव्हापासून आप्पा बोलेनासे झाले. आपलंच अंग कमी पडलं, याची त्यांना लाज वाटत होती.

गळ्यातल्या गाठीमुळे त्यांना मान उचलता येत नव्हती. तुम्ही ते पाहिलंत, कॉटशेजारचं पायरीचं स्टूल ओढलंत आणि त्यांना तुमचा चेहरा दिसेल एवढं खाली बसलात. वॉर्ड भरलेला, बाहेर रांग लागलेली. तरी बसलात. माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोललात. घरची भाषा कन्नड असूनही आमच्या मराठीत, शब्द अडला की थांबून, पुन्हा सुरू करून. मॅडम, ते स्टूल आमच्या घरात कुणी विसरणार नाही.

तुम्ही म्हणालात, "आप्पा, तुमचं अंग झोपलं नव्हतं. राखणीचा कुत्रा चोरावर धावून जातो, पण चोरानं नेमकं कुठं कुरवाळायचं हे शिकून घेतलं तर?" अंगाची राखण करणाऱ्या, रक्तातल्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. कर्करोगाच्या पेशी अंगावर पीडी-एल१ नावाचं दुसरं प्रथिन उभं करतात. ते पीडी-१ला जाऊन भिडलं की टी-पेशी थंडावते. ही सोय मुळात आपल्याच भल्याची, नाहीतर जंतूंशी लढून झाल्यावर या पेशी आपल्याच अवयवांवर उलटतील. गाठ तीच वापरते. काही पेशी तर आत काय बिघडलंय ते टी-पेशींना दाखवणारे रेणूच पृष्ठभागावरून काढून टाकतात.

आणि मग ते सांगितलंत ज्यानं आप्पा उठून बसले. टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडतात, आणि त्याची चाहूल लागली की गाठ पीडी-एल१ आणखी वाढवते. म्हणजे कित्येकदा ती ढाल उभी राहते तीच हल्ला झाला म्हणून. "म्हंजे माझी माणसं लढली की!" आप्पा म्हणाले. आई पदर तोंडाला लावून रडली. मीही.

नंतर मी वाचलं. पीडी-१ जपानमधल्या क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलं आणि २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. पीडी-१ला झाकून ती ढाल निकामी करणाऱ्या निवोलुमॅब या औषधाबद्दलही तुम्ही काही लपवलं नाहीत. सगळ्यांना लागू पडत नाही, पूर्ण डोसचा खर्च आपल्या आवाक्याबाहेर, हे आधीच सांगितलंत. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बळावलेल्या डोक्या-मानेच्या कर्करोगावर नेहमीच्या गोळ्यांसोबत निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा देऊन पाहिलं, तेव्हा वर्षभरानंतर शंभरातले साधारण ४३ रुग्ण हयात होते, नुसत्या गोळ्यांवरचे १६. हेही आकड्यासकट सांगितलंत. खोटा धीर दिला नाहीत, म्हणून खरा धीर आला.

शिकलेली माणसं आम्ही पुष्कळ बघितली. शिकलेलं समोरच्यापर्यंत पोचवायची तळमळ असलेली फार थोडी. सीमाभागात कुठल्या काउंटरवर कुठल्या भाषेत बोलावं याचंच दडपण घेऊन माणूस दवाखान्यात शिरतो. तिथं तुमच्यासारखं कुणी भेटलं की अर्धं ओझं दारातच उतरतं.

आप्पा आता पातळ आंबील गिळतात. गाठ किती उतरली ते पुढच्या स्कॅनमध्ये कळेल. पण संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसतात आणि पोरांना टी-पेशींची लढाई सांगतात. पावडरीचे डबे त्यांनी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकले.

तुमचा ऋणी,
आप्पांचा थोरला