‘आढळले नाही’ म्हणजे नेमके काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पीएफएएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, निसर्गात सहजी नष्ट न होणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याचाच विचार असतो. तो व्हायलाच हवा. पण वस्ती किंवा कारखाना जवळपास नसलेल्या ध्रुवीय हिमावरही ही रसायने सापडतात आणि तिथे ती मुख्यतः हवेतून उतरतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. हवेविषयी क्वचित एखादा आकडा दिला गेलाच, तर तो कशाचा आणि कसा मोजलेला आहे हे सांगितलेले नसते. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

कापड, गालिचे आणि कागद यांवर पाणी व डाग ठरू नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या लेपांतून फ्लोरोटेलोमर अल्कोहोल नावाची बाष्पनशील संयुगे हवेत मिसळतात. बंद खोल्यांत त्यांचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा बरेच जास्त असते. त्यांपैकी ८:२ हे संयुग हवेत सुमारे २० दिवस टिकते, म्हणजे वाऱ्याबरोबर खंड ओलांडण्याइतका अवधी त्याला मिळतो. हवेतल्या हायड्रॉक्सिल मूलकांशी (अतिशय क्रियाशील कणांशी) अभिक्रिया होऊन त्याचा काही भाग पीएफओए या पीएफएएस गटातल्याच आम्लात बदलतो. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध अतिशय बळकट असल्याने पुढे मात्र ते आम्ल जवळजवळ तसेच राहते. विशेष म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी भरलेल्या शहरी हवेत हे रूपांतर कमी होते आणि दूरच्या स्वच्छ हवेत जास्त. शिवाय समुद्रात पोहोचलेली आम्लेही तिथेच थांबत नाहीत, कारण लाटांतले बुडबुडे फुटताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर ती पुन्हा हवेत येतात.

शीतकांचे, म्हणजे फ्रिज व वातानुकूलन यंत्रांतल्या वायूंचे, उदाहरणही बोलके आहे. एचएफसी-१३४ए हा वायू हवेत सुमारे १४ वर्षे राहतो. त्याच्या जागी आलेला एचएफओ-१२३४वायएफ दोनेक आठवड्यांतच विघटित होतो, म्हणून हवामानाच्या दृष्टीने तो निःसंशय बरा. पण पहिल्याच्या केवळ काही अंशाचे ट्रायफ्लोरोॲसिटिक आम्ल होते, तर दुसऱ्याचे जवळपास सगळ्याचे, आणि ते पावसाबरोबर खाली येते.

आता मोजणीविषयी. हवेतले प्रमाण बहुधा घनमीटरमागे पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लक्ष कोटीव्या भागांत असते. त्यासाठी पंपाने बरीच हवा आधी तंतुमय गाळणीतून आणि मग फोम व राळेच्या थरांतून ओढली जाते. गाळणीवर कण अडकतात आणि वायू पुढच्या थरात शोषला जातो, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात वायुरूप आम्ले गाळणीलाच चिकटतात आणि कणांचा वाटा फुगून दिसतो. पंपाविना, फोमची चकती काही आठवडे किंवा महिने टांगून ठेवण्याची स्वस्त पद्धतही आहे, पण तीत किती हवा मोजली गेली याचा अंदाजच करावा लागतो. भरीस भर म्हणजे उपकरणांच्या नळ्या व सील अनेकदा फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचेच असतात. त्यामुळे हवा न ओढलेल्या कोऱ्या नमुन्यांची तपासणी सोबत नसेल, तर आकडा हवेचा की उपकरणाचा हे सांगता येत नाही.

धुराड्यांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहायला हवे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२१ मध्ये दिलेली ओटीएम-४५ ही पद्धत सुमारे ५० संयुगे शोधते, तर ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या यादीत अशी ४,७०० हून अधिक संयुगे आहेत. अतिबाष्पनशील संयुगे निर्वात डब्यांत पकडणारी ओटीएम-५० ही पद्धत २०२४ मध्ये आली. ही रसायने भट्टीत जाळण्याची प्रक्रिया अपुरी राहिली तर बाहेर पडू शकणारा कार्बन टेट्राफ्लोराइड हवेत हजारो वर्षे टिकतो आणि केवळ पहिल्या पद्धतीच्या अहवालात तो दिसणारच नाही. तेव्हा एखाद्या भट्टीबाबत ‘काहीही आढळले नाही’ असे वृत्त देताना कोणती संयुगे शोधली, वायू तपासला की कण, नमुना किती काळ घेतला आणि किती प्रमाणाखालचे उपकरणाला दिसत नाही, एवढे चार तपशील बातमीदाराने विचारून छापावेत, ही विनंती. एका परिच्छेदात ते सहज मावतील.

आपला,
एक नियमित वाचक