हेडलाईटचा उजेड किती यापेक्षा तो पडतो कुठे ते बघा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मी पंचवीसेक वर्षं गाडी चालवतोय आणि त्यातली बरीचशी रात्रीची. गेल्या महिन्यात दुपदरी रस्त्यावर समोरून एक उंच गाडी आली, पांढराफटक उजेड थेट डोळ्यात, मी डिपर दिला, परत दिला, तर त्याने क्षणभर अप्पर मारून दाखवला, म्हणजे बाबा मी लो बीमवरच आहे. ती गाडी बाजूने गेली आणि पुढचे दोन-तीन सेकंद मला काहीही दिसत नव्हतं. दिसायला लागलं तेव्हा साईडपट्टीवर एक माणूस पंक्चर सायकल हाताने ढकलत चालला होता, कॅरियरला पिशवी बांधलेली, अगदी बोनेटच्या पुढ्यात. स्टिअरिंग वळवलं म्हणून तो वाचला. माझा स्पीड ६० होता, ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांत ५० मीटर मी आंधळा गाडी चालवत होतो.

आपण सगळे म्हणतो की लोक अप्पर ठेवूनच चालवतात. तसे लोक आहेतच, पण मी हल्ली नीट लक्ष ठेवून बघतोय आणि मला वाटतं अर्ध्याहून जास्त वेळा दोष लो बीमचाच असतो, उजेड जास्त आहे म्हणून नाही तर तो चुकीच्या जागी पडतोय म्हणून. लो बीमच्या झोताला वरून एक स्पष्ट कड असते, कडेच्या खाली उजेड आणि वर अंधार, फक्त आपल्या साईडपट्टीच्या बाजूला ती थोडी वर चढते म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसावा. साधारण हिशोब असा की १० मीटरवर ही कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटीमीटर खाली हवी. आता दिवा नुसता एक अंश वर झाला तरी १० मीटरवर झोत १७ सेंटीमीटर वर सरकतो, म्हणजे कड खाली राहायच्या ऐवजी दिव्याच्याही वर जाते आणि समोरच्याच्या डोळ्यात शिरते. एक अंश म्हणजे किती, डिकीत सामान आणि मागच्या सीटवर तीन माणसं बसली की गाडीचं नाक तेवढं सहज उचललं जातं. तो झोत परत खाली आणायलाच बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ असं छोटं चाक दिलेलं असतं, ते कशासाठी आहे हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं आणि खूप वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे हॅलोजनच्या दिव्यात बाहेरून आणून घातलेले एलईडी बल्ब. एच४ जातीच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या तारा, असतात आणि लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटीशी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते, नाहीतर तो मागच्या आरशावर, म्हणजे रिफ्लेक्टरवर आपटून वर उडाला असता, म्हणून ती कड तयार होते. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या तारेच्या जागेवरून ठरवलेला असतो. त्या जागी चपट्या चिप्सचा बल्ब बसवला आणि उजेड निघायची जागा जरा जरी हलली की झोत फाटतो आणि कड पुसट होते. गाडीत बसलेल्याला मात्र वाटतं वा काय उजेड पडलाय, कारण बंपरपुढचा रस्ता लख्ख दिसतो. पण जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आक्रसते आणि लांबचं उलट कमी दिसतं, जे बघायला दिवा हवा होता तेच दिसत नाही!!

आणि डोळ्यांचं कुणी बोलतच नाही. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि ती सवय एका झोतात मोडते. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, भिंग धुरकट होत जातं, त्यामुळे तोच झोत त्याच्या सगळ्या नजरेवर पसरतो. माझ्या मोठ्या भावाने रात्री गाडी चालवणं सोडलं ते याच कारणाने, त्याचा हात आजही माझ्यापेक्षा चांगला आहे.

यावर उपाय नाही असं नाही. १९९१ मध्ये झेनॉनचे, म्हणजे हॅलोजनपेक्षा बरेच प्रखर, दिवे आले, त्यानंतर युरोपातल्या नियमांनी २००० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं माप) वरच्या दिव्याला आपोआप खालीवर होणारी यंत्रणा आणि काच धुवायची सोय सक्तीची केली, कारण काचेवरची धूळही उजेड वर उडवते. कॅमेऱ्याने समोरची गाडी ओळखून तेवढाच भाग विझवणारे दिवे २०१३ पासून विकत मिळतायत, पण महागड्या गाड्यांत. मला वाटतं निदान आपोआप लेव्हल होणं तरी सगळ्यात स्वस्त गाडीतही असायला हवं, आणि गाडीच्या तपासणीत दिवा लागतो का एवढंच न बघता त्याची कड कुठे पडते ते मोजायला हवं.

त्या सायकलवाल्याच्या रात्रीनंतर मी माझी गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर उभी केली आणि दिवे लावले. उजव्या दिव्याची कड चांगली चार बोटं वर होती. काही महिन्यांपूर्वी धडक बसली म्हणून तो दिवा बदलला होता, गॅरेजमध्ये सेटिंग करायचं राहून गेलं आणि मीही बघितलं नाही, म्हणजे इतके महिने समोरून लोक मला डिपर देत होते ते याचमुळे, आणि मी त्यांच्यावर चिडत होतो. दिव्यामागचा स्क्रू फिरवून कड खाली आणायला दहा मिनिटं लागली. काल रात्री तासभर गाडी चालवली, एकानेही डिपर दिला नाही.

आपला,
एक वाचक