पंखा बंद करायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका, सा. न.

तुमचं हॅम रेडिओचं कॉलसाइन लिहिलं असतं तर तुम्ही रागावला असता, म्हणून नुसतं काका.

डीएमआरचा (डिजिटल रेडिओचा) हँडसेट आणि त्याला इंटरनेटशी जोडणारा छोटा हॉटस्पॉट घेतल्यावर पहिले दोन महिने मी रोज रात्री ४०४ वर, म्हणजे भारतातल्या हॅम मंडळींच्या गप्पांच्या ग्रुपवर, यायचो. आवाज कसा येतोय याचा रिपोर्ट विचारला की उत्तर ठरलेलं: "फाइव्ह नाइन, ऑडिओ एकदम छान." पण दोन मिनिटांच्या वर माझ्याशी कुणी बोलायचं नाही. वाटायचं, आपल्या बोलण्यातच दम नसेल. मग एकदा तुम्ही मध्येच म्हणालात, "अरे, तुझं सात आणि साठ एकच ऐकू येतंय. पिंपात तोंड घालून बोलतोस का?" खोटं कशाला सांगू, राग आला होता. त्या रागातच नवा स्पीकर-माइक मागवला. पैसे गेले, आवाज होता तसाच राहिला.

मग तुमचा फोन आला. "आधी ९९९० लाव आणि स्वतःचं ऐक." त्या नंबरवरच्या पॅरटने माझं बोलणं मला परत ऐकवलं, तेव्हा माझं नावसुद्धा मला कळेना!

त्या रात्री तुम्ही जे समजावलंत ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये मला सापडलं नव्हतं. एफएमवर आपला आवाज जातो. डीएमआरवर जातं ते आवाजाचं वर्णन. दर २० मिलिसेकंदांच्या तुकड्यात स्वर किती उंच, घोष आहे की नुसता फुत्कार, कुठल्या पट्टीत किती जोर, एवढं टिपून हँडसेटमधली चिप पुढे पाठवते आणि पलीकडची चिप त्यावरून आवाज नव्याने घडवते. सेकंदाला ३६०० बिट, त्यातले ११५० चुका दुरुस्त करायला. बोलण्याच्या वाट्याला उरले २४५०. जुन्या डिजिटल टेलिफोन एक्स्चेंजमध्ये याच कामाला ६४,००० लागायचे. "एवढ्याशा जागेत तू बसणार की तुझा पंखा?" हे तुमचं वाक्य. चिपला माणूस काय नि पंखा काय, ती दोघांचं मिळून एकच वर्णन करते. मी बसायचो तो बरोबर टेबल फॅनसमोर.

पंखा बंद केला. माइक ओठांना चिकटवून ओरडायचो, तो चार बोटं लांब आणि जरा तिरका धरला. माइक गेन (माइक आवाज किती वाढवतो ते) उतरवला. साठ साठसारखं वाजू लागलं, पण मधूनमधून शब्द तुटतच होते. तुम्ही हॉटस्पॉटच्या डॅशबोर्डवरचा बीईआर, म्हणजे चुकीच्या पोचणाऱ्या बिटांचं प्रमाण, विचारलात. ३.८ टक्के! मला तो आकडा कशाचा हेही माहीत नव्हतं. स्वस्तातल्या हॉटस्पॉटचा वारंवारता ठरवणारा क्रिस्टल जरा सरकलेला असतो, आणि आपल्या ४३५ मेगाहर्ट्झवर एक पीपीएमचा (दहा लाखांत एकाचा) फरक म्हणजे ४३५ हर्ट्झ. मग तुमच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी आपण ऑफसेट, म्हणजे तो फरक भरून काढणारा आकडा, पन्नास-पन्नास हर्ट्झने सरकवत बसलो. मी बटण दाबून कॅरियर टाकायचा, बीईआरचा आकडा वाचायचा, तुम्ही "अजून" म्हणायचं. मागून काकूंची दोनदा हाक आलेली मला ऐकू आली होती. शेवटी ०.३ टक्क्यांवर थांबलो. हँडसेट लो पॉवरवर ठेवून दुसऱ्या खोलीतून बोलायचं हेही तेव्हाच कळलं. हॉटस्पॉटच्या शेजारी बसून पाच वॅट मारले की त्याचा रिसीव्हरच गांगरतो.

ऑफसेट मला आज ना उद्या जमला असता. पण माझा आवाज कळत नाही हे सांगायला दोन महिन्यांत एकच माणूस भेटला. त्याबद्दल मनापासून आभार. काकूंचेही.

एक कबुली राहिली. परवा एका नव्या मुलाने रिपोर्ट मागितला. त्याचे निम्मे शब्द मला लागले नव्हते, तरी मी सवयीने "फाइव्ह नाइन" देऊन मोकळा झालो. रविवारी त्याला शोधून ९९९० वर पाठवतो.

७३ (शुभेच्छा).