उत्क्रांती ‘परीक्षेपुरती’ शिकवली जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय अभ्यासक्रमातील उत्क्रांतीच्या प्रकरणावरून आपल्या पत्रस्तंभात काही दिवस चर्चा चालू आहे. श्रद्धाळू शिक्षकाला हा विषय प्रामाणिकपणे शिकवता येणारच नाही, असे एका वाचकांचे म्हणणे आहे. तर माझ्याच धर्माच्या दुसऱ्या एका वाचकांनी वर्गात उत्क्रांती आणि ईश्वरी निर्मिती अशा ‘दोन्ही बाजू’ मांडल्या जाव्यात, अशी सूचना केली आहे. मी प्रोटेस्टंट ख्रिस्ती आहे, नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते, आणि मला यांपैकी एकही मत पटत नाही.

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा चर्मपर आणि देवमाशाचा पर यांतील हाडांच्या रचनेचे साम्य, आंत्रपुच्छ आणि माकडहाड यांसारखी अवशेषांगे (निरुपयोगी होत गेलेले अवयव), पेरिपॅटस व डकबिल प्लॅटिपस यांसारखे जोडणारे दुवे (दोन प्राणिगटांची लक्षणे एकत्र असलेले जीव), जीवाश्म आणि भ्रूणविज्ञान असे पुरावे त्यात ओळीने येतात, आणि शेवटी मानवी उत्क्रांतीही येते. पाठ चांगला आहे. अडचण असते ती शिकवणाऱ्याच्या सुरात. “हे परीक्षेपुरतं लिहा, मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा,” हे वाक्य मी वेगवेगळ्या धर्मांच्या शिक्षकांच्या तोंडून ऐकलेले आहे, आणि उघड विरोधापेक्षा ते मला जास्त घातक वाटते. कारण विरोध करणारा निदान पुराव्याची दखल तरी घेतो, तर हे वाक्य मुलांना असे सुचवते की विज्ञान म्हणजे गुण मिळवण्यासाठी लिहायची आणि घरी जाऊन विसरायची उत्तरे. रासायनिक अभिक्रियांच्या पाठाला असे कोणी म्हणत नाही.

ही केवळ ख्रिस्ती समाजाची अडचण आहे असा समज होऊ नये, म्हणून दोन गोष्टींची आठवण करून देते. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी आपल्याच राज्यात, औरंगाबाद येथे, डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलायला हवा, असे विधान केले होते आणि देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना त्याविरुद्ध संयुक्त निवेदन काढावे लागले होते. पुढे एनसीईआरटी या केंद्रीय अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या संस्थेने करोनाकाळातील अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन दहावीच्या पाठातून उत्क्रांतीचा भाग वगळला, आणि त्याविरोधात एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी खुले पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे हे खरे. पण दहावीनंतर बहुसंख्य मुले जीवशास्त्राकडे वळतच नाहीत.

आता ‘दोन्ही बाजूं’विषयी. ही कल्पना अमेरिकेत आजमावून झालेली आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर येथील शाळा मंडळाने २००४ साली ठरवले की, नववीच्या मुलांना उत्क्रांती शिकवण्यापूर्वी एक निवेदन वाचून दाखवायचे आणि ‘बुद्धिमान रचने’च्या, म्हणजे जीवसृष्टी कोणा बुद्धिमान रचनाकाराने घडवली या मताच्या, पर्यायाकडे त्यांचे लक्ष वेधायचे. तिथल्या विज्ञान शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, ११ पालक न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी हा विज्ञानाचा नव्हे तर धर्माचा भाग असल्याचा निर्णय दिला. पालकांच्या बाजूने पहिली साक्ष केनेथ मिलर या जीवशास्त्रज्ञांची झाली, आणि ते श्रद्धावान कॅथलिक आहेत. त्यांनी न्यायालयात मांडलेला एक पुरावा मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसाच्या पेशींत २३. पूर्वज समान असतील तर ही एक जोडी गेली कुठे? ती गेलेली नाही; मूळची दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून एकत्र आली आणि त्यांपासून आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र बनले. एरवी गुणसूत्राच्या टोकांना आढळणाऱ्या डीएनएच्या खुणा या गुणसूत्राच्या मधोमध सापडतात, आणि दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे (प्रत्येक गुणसूत्रावर एकच असणाऱ्या आकुंचित भागाचे) अवशेषही सापडतात. सिद्धांत चुकीचा असता तर या खुणा तिथे असण्याचे काही कारण नव्हते. याच्या तोडीचा पुरावा ज्या ‘दुसऱ्या बाजू’कडे नाही, तिला विज्ञानाच्या तासाला समान वेळ देणे याला निःपक्षपातीपणा म्हणता येणार नाही.

माझ्या चर्चच्या मंडळीतील काहींना वाटते की, मी पवित्र शास्त्राशी तडजोड करते. त्यांनी बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय सलग वाचावेत. पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि मनुष्य नंतर निर्माण होतो. दुसऱ्यात मनुष्य आधी येतो. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली, हा प्रश्न तिसऱ्या शतकातील ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने विचारलेला आहे, डार्विनच्या सोळाशे वर्षे आधी. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी, उत्पत्तीवरील आपल्या भाष्यात, ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचा आधार घेऊन निसर्गाविषयी अडाणी विधाने केली तर ऐकणारे त्याच्या तारणाच्या (पापमुक्तीच्या) संदेशावर तरी विश्वास का ठेवतील, अशा आशयाचा इशारा दिला होता. १८८४ साली फ्रेडरिक टेंपल या अँग्लिकन बिशपांनी, देवाने वस्तू घडवल्या असे म्हणण्यापेक्षा त्या स्वतःला घडवतील अशी योजना त्याने केली असे म्हणावे, असा विचार आपल्या व्याख्यानांत मांडला. पुढे हेच गृहस्थ कँटरबरीचे आर्चबिशप झाले. उत्क्रांती ही केवळ एक परिकल्पना राहिलेली नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये सांगितले. (मी कॅथलिक नसल्याने पोपमहाशयांच्या शब्दाने माझा प्रश्न सुटत नाही, पण आपले मत म्हणजेच सगळी ख्रिस्ती परंपरा असे समजणाऱ्यांनी तो विचारात घ्यावा.)

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आमच्या शहरात आहे ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते. १८४५ मध्ये ते नागपूरला आले आणि उपदेश करता करता त्यांनी टाकळी परिसरातील बेसाल्टच्या थरांमध्ये अडकलेले गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया यांचे जीवाश्म गोळा केले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी या भागाच्या भूरचनेवर लिहिलेला निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खडकात जे आहे ते नीट पाहून लिहून ठेवावे, याला धर्माची आडकाठी आहे असे त्यांना वाटलेले दिसत नाही.

श्रद्धेपुढे काहीच अडचण उरत नाही, असा माझा दावा नाही. नैसर्गिक निवड म्हणजे असंख्य जिवांचा अकाली मृत्यू, आणि तोही माणसाने पाप करण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून. मग मृत्यू आदामाच्या, म्हणजे पहिल्या मानवाच्या, पापाने जगात आला, या बायबलमधील प्रेषित पौलाच्या वचनाचा अर्थ कसा लावायचा? अळीच्या शरीरात अंडी घालून तिला आतून पोखरणाऱ्या गांधीलमाशा दयाळू देवाने मुद्दाम निर्माण केल्या असतील हे मनाला पटत नाही, असे डार्विनने १८६० साली एसा ग्रे यांना लिहिले होते. ग्रे हे अमेरिकेत डार्विनच्या सिद्धांताचा पुरस्कार करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि निष्ठावान प्रेस्बिटेरियन होते. हे प्रश्न मला छळतात. पण ते मी माझ्या पाळकांकडे, उपासनेनंतरच्या चर्चेत आणि प्रार्थनेत नेते. माझे समाधान झालेले नाही म्हणून दहावीच्या मुलांपुढे जीवाश्मांचा पुरावा पातळ करण्याचा अधिकार मला मिळत नाही. “बाई, मग आदामाचं काय?” असे एखाद्या मुलीने विचारलेच, तर हा प्रश्न चांगला आहे, त्याचे उत्तर या पुस्तकात नाही आणि तो तू शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गात) जरूर विचार, एवढेच मी सांगते. माझी श्रद्धा तिथे मांडत बसत नाही, कारण वर्गात बौद्ध, हिंदू आणि मुसलमान मुलेही असतात आणि विज्ञानाचा तास त्या सर्वांचा असतो. त्याच कारणाने उत्क्रांतीमुळे देव नाही असे सिद्ध होते, हेही मी कोणाला वर्गात म्हणू देणार नाही.

एक सूचना पाठ्यपुस्तक मंडळासाठी आहे. या पाठात जीवाश्मांच्या ओघात कार्बन वयमापनाची माहिती येते आणि त्यामुळे डायनोसॉरचे वयही कार्बननेच काढतात, असा मुलांचा समज होतो. चर्चच्या वर्तुळात फिरणारी काही पत्रके नेमका याचा फायदा घेतात: कार्बनची पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही, तेव्हा कोट्यवधी वर्षांच्या गोष्टी खोट्या. यातले पहिले विधान खरे आहे, कारण कार्बन-१४ चे अर्धायुष्य (त्याचा निम्मा भाग ऱ्हास पावायला लागणारा काळ) जेमतेम ५,७३० वर्षांचे आहे. पण एवढ्या जुन्या खडकांसाठी ती पद्धत कोणी वापरतच नाही. दख्खनच्या बेसाल्टचे सुमारे ६.६ कोटी वर्षे हे वय पोटॅशियम-आरगॉन आणि युरेनियम-शिसे यांच्या किरणोत्सारी ऱ्हासावरून काढलेले आहे. महाराष्ट्रातील बहुतेक मुले याच खडकावर राहतात. पुढील आवृत्तीत या पद्धतींवर चार ओळी आणि हे उदाहरण घातले, तर शिक्षकांना वेगळे काही सांगावे लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, नागपूर